काकांच्या शेव्हरोलेला क्लच बसविताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर बोलले गेले, नाट्यसंगीतावर बोलले गेले, बंगाल आणि महाराष्ट्र यांच्या ऋणानुबंधांवर तर अनेकदा बोलले गेले. कार्यवाहांनी आम्हां दोघा भावांना विषय विचारला, तेव्हा ‘मोटारीचा गिअरबॉक्स’ असे उत्तर देताना आम्ही थोडे चाचरलोच. कार्यवाहांनी एकच प्रश्न केला, “काकांची ती हिरवी शेव्हरोले ना?” आम्ही हो म्हणालो आणि विषय मंजूर झाला. भाषण एकाच तोंडाने करावे लागते, म्हणून आमच्यापैकी एक जण येथे उभा आहे. दुसरा चुका काढण्यासाठी पहिल्या रांगेत बसला आहे.

ती गाडी येथे जमलेल्यांपैकी निम्म्या मंडळींनी पाहिलेली आहे. मंडळाचा पहिल्या वर्षीचा गणपती तिच्यातूनच आला. हावड्याला गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्या व्याख्यात्यांना आणि त्यांच्या वळकट्यांना तिने कितीदा घरपोच केले, याची मोजदाद नाही. मॉडेल १९५१ चे. येथील परदेशी वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याने ती आपल्याबरोबर आणली होती, त्यामुळे तिचे स्टिअरिंग डावीकडे आहे. १९६८ साली काकांनी ती तिसऱ्या मालकाकडून घेतली. एवढी थोरली अमेरिकन गाडी एका ज्यूट कंपनीतल्या हिशेबनिसाने कशाला घ्यावी, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले असावे. कारण साधे होते. लहानपणीच्या पोलिओने काकांचा डावा पाय अधू झाला होता, आणि या गाडीला क्लच नव्हता.

शेव्हरोले कंपनीने १९५० साली ‘पॉवरग्लाइड’ नावाची स्वयंचलित गिअरयंत्रणा बाजारात आणली. अमेरिकेतल्या स्वस्त वर्गातील मोटारींत अशी सोय प्रथमच मिळत होती, आणि तिच्यासाठी १५९ डॉलर अधिक मोजावे लागत. ज्यांना ते नको, त्यांना क्लच आणि तीन गिअर असलेली नेहमीची गाडी मिळे. ही शेवटची गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी, आमच्या साऱ्या उद्योगाचा आधार तीच होती.

ही यंत्रणा चालते कशी? आपल्याकडे ताक घुसळताना रवी फिरते आणि तिच्याबरोबर ताकही फिरू लागते. त्याच भांड्यात समोर दुसरी रवी मोकळी सोडली, तर फिरणारे ताक तिलाही फिरवील. पॉवरग्लाइडमध्ये ताकाच्या जागी तेल असते. एक पात्यांचे चक्र इंजिन फिरवते, ते तेलाला फिरवते आणि ते तेल समोरच्या चक्राला फिरवते. मध्ये लोखंडाला लोखंड कोठेही घट्ट जोडलेले नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून गाडी चौकात उभी राहू शकते, आणि डाव्या पायाला काही कामच उरत नाही. १९५० ते १९५२ च्या गाड्यांत तर गिअर आपोआपसुद्धा बदलत नसे. खटका ‘ड्राइव्ह’वर ठेवला की सुटण्यापासून पळण्यापर्यंत सगळे त्या तेलाच्या घुसळणीवरच. चढ आला तर हाताने ‘लो’वर घ्यायचे. गाडी सुटायला मंद, पेट्रोल प्यायला तत्पर, पण चाल अशी की मागच्या आसनावर मांडी घालून बसलेल्या आजीचा डोळा लागावा.

१९९६ साली तिची मागे जाण्याची शक्ती गेली. त्या वर्षी काका कोठेही गेले तरी गाडी अशा जागी उभी करीत की निघताना मागे घ्यावी लागू नये. पुढे पुढेही नीट जाईना, तेल गळू लागले, आणि एका पावसाळ्यात ती गॅरेजमध्ये शिरली ती तेथेच राहिली. कार्ब्युरेटर, ब्रेक, पिस्टन यांत कलकत्त्याचे मिस्त्री कोणाला हार जाणार नाहीत. परंतु या तेलाच्या पेटीत हात घालायला एकही तयार होईना. ते पाप आपल्या माथी नको, असे म्हणून सगळे सन्मानाने दूर झाले.

तीन वर्षांपूर्वी घराची डागडुजी निघाली आणि गॅरेजचा प्रश्न उभा राहिला. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला. तेव्हा आम्ही प्रथमच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पॉवरग्लाइडचे सुटे भाग अमेरिकेत आजही मिळतात. पण भागांची किंमत, वाहतूक, जकात आणि ते बसविणाऱ्या जाणकाराचा शोध यांची बेरीज दोन लाखांच्या पुढे जात होती. आम्ही दोघे नोकरदार. आमच्याजवळ या कामासाठी साठ हजार होते.

तिसरा एक मार्ग आपल्या देशात सर्वांच्या परिचयाचा आहे. पेट्रोल महागल्यावर कित्येक अमेरिकन गाड्यांच्या पोटात टेम्पोची डिझेल इंजिने आणि जीपचे किंवा ॲम्बॅसॅडरचे गिअरबॉक्स बसले. मंडळातल्या एका अनुभवी स्नेह्यांनी आम्हांलाही तोच सल्ला दिला. आम्ही तो मानला नाही, आणि त्याचे कारण केवळ भावनेचे नव्हते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार केलेल्या गाडीला त्या नियमांचा लाभ मिळत नाही. म्हणून आम्ही ठरविले की या तिन्हींना छिन्नी लावायची नाही, वेल्डिंग करायचे नाही, आणि जे बसवायचे ते त्याच कारखान्याने त्याच नमुन्यावर दिलेले असले पाहिजे. परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारणा केली. हे काम कंटाळवाणे खरे, पण असल्या भानगडीत पडणाऱ्याने ते प्रथम करावे, पाना नंतर हाती घ्यावा.

एक विचारणा मात्र आम्ही टाळीत होतो. ती काकांकडे होती.

काका आता नव्वदीला टेकले आहेत. वाहन चालविण्याचा परवाना त्यांनी नूतन करून घेतलेला नाही, डोळ्यांनीही बरीच सवलत मागितली आहे. ते पुन्हा गाडी चालवतील ही शक्यता नव्हतीच. तरीही गाडीला क्लच बसविणे म्हणजे ज्या एका कारणासाठी ती त्यांनी घेतली ते कारणच काढून टाकणे. आजारी माणसाची खोली त्याच्या देखत दुसऱ्याला द्यावी, तसे आम्हांला वाटत होते. शेवटी एका संध्याकाळी चहाच्या वेळी विषय काढला. काकांनी कप खाली ठेवला आणि विचारले, “गिअर खाली जमिनीत घेणार, की स्टिअरिंगवर?”

आम्ही म्हणालो, “अजून ठरलं नाही, काका. जमिनीतला स्वस्त पडेल.”

“जमिनीत घेतलात तर पत्र्याला भोक पडेल. आणि मधल्या माणसाने पाय कोठे ठेवायचे?” थोडे थांबून ते म्हणाले, “स्टिअरिंगवर घ्या. आणि जुनं जे काढाल त्यातला एक स्क्रूसुद्धा भंगारात जाता कामा नये. माझ्यासारख्याच पायाचा कोणी पुढे निघाला, तर त्याला ते परत बसवता आलं पाहिजे.”

एवढे बोलून त्यांनी वर्तमानपत्र उघडले. आम्ही दोन महिने मनात घोळविलेला प्रसंग दोन मिनिटांत संपला.

आता सामानाकडे वळू. तीन गिअरांचा शेव्हरोले गिअरबॉक्स आणायचा कोठून? मल्लिकबाजारात आम्ही चार रविवार घातले. तेथे जगातील सर्व मोटारींची हाडे मिळतात अशी ख्याती आहे, आम्हांला मात्र एक बरा आरसा तेवढा मिळाला. गिअरबॉक्स निघाला तो मुंबईत, कुर्ल्याच्या भंगारबाजारात. जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना १९२८ पासून मुंबईत होता आणि १९५४ साली त्या कंपनीने येथील काम बंद केले. शिवडीच्या त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या शेव्हरोले बहुतांशी क्लचच्याच. आम्हांला मिळालेला गिअरबॉक्स तशाच एका गाडीचा आहे, असे दुकानदाराने सांगितले. ते खरे मानायला आम्हांला आवडले. ज्या हातांनी त्याचे बोल्ट प्रथम आवळले, ते लालबाग-परळकडचे असण्याचा बराच संभव आहे.

येथे एक इशारा देतो. असे काम करताना नुसता गिअरबॉक्स घेऊ नये, पूर्ण संच घ्यावा. आम्ही गिअरबॉक्सबरोबर त्यापुढचे घंटेच्या आकाराचे कवच, फ्लायव्हील, क्लचची प्रेशर प्लेट, तिला दाबणारा चिमटा, पेडल व त्याचे दांडे, आणि मागे जाणारी टॉर्क ट्यूब एवढे सगळे एकाच गाडीचे उचलले. या टॉर्क ट्यूबविषयी सांगायला हवे. १९५४ पर्यंतच्या शेव्हरोलेत चाकांकडे जाणारा फिरता दांडा उघडा नसतो, एका जाड नळीत बंद असतो. पॉवरग्लाइडच्या गाडीची ही नळी आणि साध्या गाडीची नळी एका लांबीच्या नसतात. ही गोष्ट आधी ठाऊक नसलेला माणूस गिअरबॉक्स बसवून टाळ्या पिटतो आणि मग मागचे काही जुळत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. आम्हांला ती ठाऊक होती, कारण काकांनी जपलेले कंपनीचे दुरुस्ती-पुस्तक आम्ही आधी वाचले होते. संपूर्ण खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी अवजार कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही त्या पुस्तकाकडे बोट दाखवू.

मागच्या डिफरन्शियलचे दातेही दोन्ही प्रकारांत वेगळे. त्या वर्षांच्या क्लचच्या गाडीत चाकाच्या एका फेऱ्याला दांड्याचे ४.११ फेरे, पॉवरग्लाइडच्या गाडीत ३.५५. आम्ही नळी मुंबईची घेतली आणि दाते आपल्या गाडीचे ठेवले. पहिला गिअर २.९४ चा, तेव्हा सुटताना एकूण जोर १२ च्या जागी साडेदहा पटीच्या आतच राहतो. कलकत्त्याच्या सपाट रस्त्यांना तो पुरतो, शिवाय मोकळ्या रस्त्यावर इंजिन शांत चालते. दार्जिलिंगला न्यायची असती तर आम्ही उलट केले असते.

जुनी पेटी उतरविण्याचे काम वर्णन करण्यात अर्थ नाही. चार माणसे, साखळीची घोडी, रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आणि भरपूर शिव्या. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी शिरू नये, एवढेच म्हणतो.

खरी मेख बारीक वस्तूंत होती. गिअरबॉक्समधून पुढे येणाऱ्या दांड्याचे नाक इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकातील भोकात टेकते आणि तेथे एक लहानसे बुश असते. ऑटोमॅटिक गाडीत त्या नाकाचा प्रश्नच नसल्यामुळे असल्या गाड्यांच्या क्रँकशाफ्टचे हे भोक कित्येकदा पुरते कोरलेलेच नसते. आमचे कोरलेले होते, पण माप जुळेना. आमच्या वयस्क मिस्त्रीचाचांनी लेथवाल्याकडून कांस्य धातूचे बुश तासून घेतले, रात्रभर गरम तेलात मुरविले आणि दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळ्याने हलकेच आत बसविले. सुपारीएवढा तुकडा. तो वाकडा बसला तर सारा गिअरबॉक्स ओरडतो.

क्लचच्या चकतीला नवे अस्तर रिबिटांनी ठोकून मिळाले. आपल्या देशातील ही कला अमेरिकेतल्या लोकांना दाखवावी इतकी स्वस्त आहे. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग घासून सपाट केला. मुंबईची गाडी उजव्या स्टिअरिंगची आणि आमची डाव्या, त्यामुळे पेडलचे जोडदांडे आणि गिअरच्या सळ्या जशाच्या तशा लागू पडेनात. त्या लेथवर नव्याने केल्या. पायाखालचा पत्रा स्क्रूंनी बसविलेला असल्याने तो काढून जपून ठेवला आणि क्लचच्या पेडलसाठी भोक असलेला दुसरा पत्रा करून घेतला. स्टिअरिंगच्या खांबावरील गिअरचा दांडा मात्र येथे होण्यासारखा नव्हता. आपल्याच मंडळातील एका कुटुंबाची कन्या न्यू जर्सीहून सुटीवर येत होती, तिने तो जुन्या सामानाच्या दुकानातून घेऊन साड्यांत गुंडाळून आणला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ती वस्तू काय आहे हे समजावून सांगताना तिची जी तिरपीट उडाली, ती ऐकायची असेल तर मध्यंतरात तिच्या आईंना गाठावे.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण पैसे वाचविण्याच्या नादात तो हमखास टाळला जातो. ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये असताना सुरू होऊ नये म्हणून एक विजेचा खटका असतो. यंत्रणा बदलल्यावर तो निरुपयोगी होतो आणि लोक दोन तारा जोडून मोकळे होतात. मग घरातले मूल किल्लीशी खेळते आणि गाडी उडी मारते. आम्ही तो खटका क्लचच्या पेडलखाली घेतला. पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही.

आणि मग आमचे नाक कापले गेले. सगळे जोडून झाले. मिस्त्रीचाचा त्या दिवशी लग्नाला गेले होते. आम्ही मोठ्या ऐटीत इंजिन सुरू केले, क्लच दाबला आणि गिअर टाकला. कर्रर्र असा आवाज आला की शेजारच्या बाल्कनीत माणसे जमली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. क्लच सुटतच नव्हता. पेडलचे दांडे लांब केले, आखूड केले, संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी चाचा आले, त्यांनी एकदा आवाज ऐकला आणि विचारले, “चकती किसने लगाया?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. क्लचच्या चकतीला दोन बाजू असतात. मधला उंच भाग गिअरबॉक्सकडे यावा लागतो. आम्ही तो इंजिनाकडे केला होता. गिअरबॉक्स, कवच, टॉर्क ट्यूब, सगळे पुन्हा खाली उतरले. काका खिडकीतून पाहत होते, काही बोलले नाहीत. त्यांनी खाली चहा मात्र तीनदा पाठविला.

हिशेब येथे सांगणे आवश्यक आहे, कारण खजिनदार समोर बसले आहेत. मुंबईचा संच ३४,००० रुपये, वाहतूक ६,५००, क्लचचे अस्तर व प्रेशर प्लेट ३,८००, लेथचे काम ९,६००, अमेरिकेहून आलेला दांडा ७,०००, बेअरिंगे, तेलाची सीले व तेल ६,३००, आणि आमच्या उलट्या चकतीपायी झालेली वाढीव मजुरी ४,२००. एकूण ७१,४००. ठरविले होते साठ हजार. ओलांडलेल्या रकमेतील ४,२०० ही शुद्ध मूर्खपणाची किंमत होय. इतर कामांची आम्हांला खंत नाही.

एक काम पैशांअभावी राहिले आहे. वेगदर्शकाचे छोटे दंतचक्र मुंबईच्या गाडीच्या हिशेबाचे असल्याने काटा कमी दाखवितो. तो ३५ मैल सांगतो तेव्हा खरी चाल ४० च्या वर असते. सध्या काचेखाली तशी चिठ्ठी चिकटविली आहे.

गाडी रस्त्यावर आली त्या रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही काकांना खाली आणले. मागच्या आसनावर उशा मांडल्या होत्या. काका मागे बसेनात. पुढचे आसन एकसलग बाकासारखे आहे, त्याच्या मध्यभागी, चालविणाऱ्याच्या उजवीकडे, ते हात टेकत टेकत सरकले. पायांपुढची जमीन मोकळी होती. तेथे गिअरचा दांडा नव्हता. तेव्हा कोठे आम्हांला त्या चहाच्या वेळच्या प्रश्नाचा अर्थ कळला. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत गिअरची दांडी खांबाच्या उजव्या अंगाला येते, मधल्या माणसाच्या डाव्या हाताशी. काकांनी ती हातात घेतली.

“तुम्ही पायाचं बघा,” ते म्हणाले, “हाताचं मी बघतो.”

गल्लीत चिटपाखरू नव्हते. आम्ही क्लच दाबला. काकांनी दांडी आपल्याकडून दूर, स्टिअरिंगकडे ओढून खाली घेतली. पहिला पडला. गाडी हलली. काका मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत होते, जसे कोणी शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकते. मग त्यांनी “हं” म्हटले. आम्ही दाबला, दुसरा पडला, कोठे किरकिरला नाही. पहिल्या गिअरला या गाडीत सिंक्रो नसते, ते दुसऱ्या-तिसऱ्यालाच असते, हे काकांना सांगावे लागले नाही. वळणावर गाडी पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी पहिल्याला हात लावला नाही. क्लच नसलेली गाडी अठ्ठावीस वर्षे चालविलेला हा माणूस ते सारे कोठे शिकला, असे विचारले तेव्हा म्हणाले, “तुमच्या त्या पुस्तकात आहे की. मागचा भाग तुम्ही वाचला नाहीत.”

काढलेली पॉवरग्लाइड तेल लावून, मेणकापडात बांधून गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी पेटीत ठेवली आहे. तिच्यावर काकांच्या अक्षरात यादी आहे, एकशे सदतीस वस्तूंची. दर रविवारी सकाळी एक फेरी होते. आमच्यापैकी कोण पाय चालविणार हे आता काकाच ठरवितात, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या बंधूंचा पाय क्लचवरून उशिरा उठतो, अशी त्यांची तक्रार आहे.